हरिहरेश्वर ते वेळास : कड्याखालून चालायचं आणि पक्षी बघायचे तर पाण्याची वेळ बघून निघा

हरिहरेश्वरला बहुतेक लोक काय करतात, तर शनिवारी दुपारी पोचतात, बीचवर जातात, रात्री मासे खातात, रविवारी नाश्ता करून दर्शन घेतात आणि मग साडेदहाला प्रदक्षिणेला, म्हणजे देवळामागच्या डोंगराला समुद्राच्या कडेने वळसा घालायला, निघतात कारण तेव्हा वेळ मोकळा असतो. प्रदक्षिणेचा रस्ता मात्र आपल्या मोकळ्या वेळेवर चालत नाही, तो समुद्राच्या वेळेवर चालतो. पाणी मागे गेलेलं असेल तर हा अख्ख्या कोकण किनाऱ्यावरचा मला सगळ्यात आवडता कडा आहे आणि पाणी चढत असेल तर तिथे पाऊलही टाकू नये. म्हणून आधी पाण्याचं सांगतो, मग रस्ता, मग पक्षी. पाण्याचं नीट समजलं की बाकीचा दिवस आपोआप लागतो.

कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची. म्हणजे आज तृतीया असेल तर तीन गुणिले पाऊण, सव्वादोन, तर दुपारी सव्वादोनच्या आसपास पूर्ण भरती. त्याच्या साधारण सहा तास आधी, म्हणजे सकाळी आठच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, अष्टमीला सहा. शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच. आता मोबाइलवर टाइड टेबल मिळतं आणि ते बघायचंच, कारण पाऊणपटीचा हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि टेबल मुंबई बंदराचं असेल तर हेही लक्षात ठेवा की दक्षिणेला पाणी मुंबईपेक्षा थोडं आधी फिरतं. पण हिशोब डोक्यात असला की भिंतीवरच्या कालनिर्णयकडे नुसतं बघून ट्रिपची तारीख ठरवता येते, रेंज लागत नाही, अॅप लागत नाही.

सगळ्यात चांगले दिवस कुठले? माझ्या मते द्वितीया, तृतीया आणि चतुर्थी, दोन्ही पक्षातल्या. लक्षात ठेवायला सोपं, संकष्टी किंवा विनायकी आणि त्याच्या आधीचे दोन दिवस. त्या दिवशी ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या मधे येते, ऊन चढलेलं नसतं, आणि नुकतंच उधाण होऊन गेलेलं असतं म्हणून पाणी नेहमीपेक्षा बरंच लांब मागे जातं आणि खडकाचा जो भाग एरवी दिसतच नाही तो उघडा पडतो. अष्टमी-नवमीला भांगाची भरती, तेव्हा पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही, आणि ओहोटी येते भर दुपारी. आणि एकादशी! अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी आठ-सव्वाआठला भरती. एकादशीला देवळात गर्दी असते आणि लोक सकाळीच प्रदक्षिणेला निघतात, नेमकं तेव्हा पाणी कड्याला टेकत आलेलं असतं. त्या दिवशी दर्शन घ्या, प्रदक्षिणेचं दुपारी, पाणी उतरत असताना बघा.

ओहोटीच्या वेळेला निघायचं नाही, ओहोटीच्या दीड-दोन तास आधी निघायचं. म्हणजे पूर्ण वेळ पाणी आपल्यापासून लांब जात असतं आणि ते परत फिरेपर्यंत आपण बाहेर आलेलो असतो. हे मी अनुभवातून सांगतोय. काही वर्षांपूर्वी मी आणि माझा आतेभाऊ ओहोटीच्या वेळेला खाली उतरलो, वाटलं आता भरपूर वेळ आहे, मग फोटो, मग खेकडे, मग परत फोटो. खडकावर एक आजी कोयतीने कालवं फोडत बसल्या होत्या, त्यांनी हातातलं काम थांबवून आमच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘पानी फिरला रं बाला, निंगा आता.’ आम्हाला काहीच फरक दिसत नव्हता, समुद्र तसाच शांत. पण त्या टोपली उचलून निघाल्या म्हणून आम्हीही मागे फिरलो, आणि वीस मिनिटांनी ज्या घळीतून कोरडे पाय ठेवून आलो होतो तिथे गुडघाभर पाणी आत-बाहेर करत होतं. खेचणारं पाणी, आतेभावाचा हात धरून पार केलं. तेव्हापासून मी निघायची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवतो आणि परतीचा अलार्म लावतो.

आता रस्ता. मुंबईहून साधारण २०० किमी, पुण्याहून ताम्हिणी-माणगाव-म्हसळा करत त्याहून जरा कमी. रेल्वेने यायचं तर कोकण रेल्वेचं माणगाव स्टेशन, तिथून एसटीने श्रीवर्धनकडे, ६०-६५ किमी पडतं. आदल्या रात्री हरिहरेश्वरलाच मुक्काम करा, सकाळी गाडी चालवत येऊन ओहोटी गाठू म्हणाल तर ताम्हिणीतच उशीर होईल. श्रीवर्धन हे पेशव्यांचं, भट घराण्याचं मूळ गाव आणि हरिहरेश्वर त्यांचं कुलदैवत. देवळाचा जुना रिवाज अजून पाळतात, आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग परत काळभैरव. पहाटे गर्दी नसते, हे सगळं शांतपणे होतं.

देवळाच्या मागून वाट वर चढते. हा चढ छोटा आहे पण इथे घाई करू नका कारण कड्यावरून पहिला मोठा व्ह्यू इथेच मिळतो. समोर सावित्रीचं मुख, महाबळेश्वरला उगम पावलेली नदी इथे समुद्राला मिळते, पलीकडे बाणकोटचा डोंगर, आणि खाली पाण्यात लांबवर पसरलेलं काळं कातळ. इथे उभं राहून दहा मिनिटं नुसतं पाणी बघा. लाटा सारख्या नसतात, चार-पाच लहान येतात आणि मग एक मोठी येते जी आधीच्यांपेक्षा बरीच आत शिरते. ती मोठी लाट कुठपर्यंत येते ते बघून ठेवायचं. खडकावर ओली रेषा दिसते, त्या रेषेच्या खाली आपण जायचं नाही, मग फोटो कितीही चांगला येत असो. आणि मोठी लाट चालायच्या पट्ट्यावर येत असेल तर वरूनच परत फिरा. खाली उतरल्यावर मधे कुठे वर चढायला वाट नाही, एका बाजूला कडा आणि एका बाजूला समुद्र, म्हणून निर्णय वरच घ्यायचा.

मग पायऱ्या उतरतात, दोन उभ्या कातळभिंतींच्या मधून, हीच गणेशगल्ली. इतकी अरुंद आणि उभी की वर आकाशाची फक्त पट्टी दिसते आणि खालून वारा एकदम तोंडावर येतो, खारट, गार. समुद्राचा आवाज गल्लीत घुमतो त्यामुळे लाट आहे त्यापेक्षा मोठी वाटते. पायऱ्या ओल्या असतात, हात भिंतीला लावत उतरा, लहान मुलं असतील तर एक मोठा माणूस खाली आणि एक वर.

बाहेर आलं की सपाट कातळाचा ओटा सुरू होतो. डोंगर उजव्या हाताला, समुद्र डाव्या हाताला, असं ठेवून चालायचं. आणि इथे उजवीकडे बघत चला असं मी मुद्दाम सांगतो कारण सगळे समुद्राकडे बघतात. कड्याच्या भिंतीवर मधाच्या पोळ्यासारखी जाळी कोरलेली आहे, कुठे बोट जाईल एवढी भोकं, कुठे अख्खं डोकं जाईल एवढी, आणि मधल्या भिंती पातळ. हे माणसाचं काम नाही, मिठाचं आहे. लाटांचा तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत जातो, पाणी सुकतं, मिठाचे स्फटिक तयार होतात आणि ते वाढताना दगडाचा कण कण सुटा करतात. कृपा करून त्या जाळीवर पाय ठेवून चढू नका, पातळ भिंती मोडतात आणि त्या परत होत नाहीत.

बुटांबद्दल. चप्पल नको, फ्लोटर्सही नको. खाली खाचा असलेले आणि ओले झाले तरी चालतील असे जुने शूज बेस्ट. काळा कोरडा खडक पाय धरतो. बारीक पांढरे खरखरीत बार्नकल, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे कवचाचे जीव, असलेला खडकही धरतो. हिरवा चकचकीत दिसला की टाळा, ते शेवाळ आहे आणि तिथे कुठलाच बूट टिकत नाही. श्रद्धेने अनवाणी जाणारे असतात, त्यांना माझा नमस्कार, पण कालवांच्या शिंपल्यांची धार ब्लेडसारखी असते आणि खाऱ्या पाण्यात ती जखम दोन आठवडे भरत नाही, म्हणून निदान खडकावर उतरल्यावर तरी बूट घाला. सोबत माणशी दोन लिटर पाणी, टोपी, मोबाइलला झिपची पिशवी, बॅंडेज, थोडा सुकामेवा किंवा चिक्की. बायनॅक्युलर असेल तर ८ बाय ४२ पुरेशी, नसेल तरी अडत नाही.

खडकातल्या डबक्यांपाशी थांबा. एका डबक्याजवळ पाच मिनिटं न हलता बसलं की पाणी जिवंत होतं, आधी काहीच दिसत नाही, मग एक दगड चालायला लागतो आणि कळतं की तो शंखात राहणारा खेकडा आहे. आणि इथेच भेटतो समुद्री बगळा. पांढरा नव्हे, पाटीसारखा राखट काळा, गळ्यावर मात्र पांढरा ठिपका, आणि त्याच जातीतला पांढराही असतो, दोन्ही रंग एकाच किनाऱ्यावर दिसतात. एकदा एक काळा बगळा माझ्यापासून पंधरा फुटांवर होता. एक पाय पुढे टाकला आणि तिथेच थांबला, बोटं पसरून, पंख अर्धे उघडून पाण्यावर सावली केली, मान वाकडी केली, लाट आली, पोटापर्यंत भिजला, हलला नाही, लाट गेली आणि त्याच क्षणी चोच आत. बोटभर मासा. गिळला, दोन पावलं पुढे, परत तेच. ओहोटीबरोबर तो पाण्याच्या कडेने खाली सरकत होता आणि मी वर बसून होतो, अर्धा तास कसा गेला कळलं नाही. हे सगळं पाणी उतरत असताना होतं, भरतीच्या वेळी त्यालाही इथे काही मिळत नाही.

वर आकाशात दोन शिकारी असतात आणि लोक दोघांना घारच म्हणतात. विटकरी अंग, पांढरं डोकं, ती ब्राह्मणी घार, ती कायम दिसते. दुसरा मोठा, बराच मोठा, पंख पसरले की दोन मीटरच्या आसपास, डोकं आणि पोट पांढरंशुभ्र, खालून बघताना पंखाची पुढची बाजू पांढरी आणि मागची काळी, शेपटी लहान पाचरीसारखी, आणि तरंगताना पंख इंग्रजी व्हीसारखे वर उचललेले. तो पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड. तो किनाऱ्याजवळच्या उंच झाडांवर घरटं करतो आणि तेच घरटं वर्षानुवर्षं वापरतो, मासे आणि समुद्री साप हे त्याचं खाणं. थंडीत घरट्यावर जोडी असते तेव्हा झाडाखाली जाऊन उभं राहू नका, ड्रोन तर अजिबात नको, आणि घरट्याची जागा इंस्टावर लोकेशनसकट टाकू नका.

पक्षी बघत, बसत, आरामात चाललात तर दीड-दोन तासांत तुम्ही वळसा घालून परत देवळाच्या बाजूला येता. नाश्ता आता करा, घावणे किंवा आंबोळी, आणि बागमांडल्याकडे निघा. तीन-चार किलोमीटर आहे, चालत जायला छान आहे. बागमांडल्याहून फेरीबोट पलीकडे वेसवीला जाते, गाड्याही नेते, दहा-पंधरा मिनिटांचं पाणी आहे. ही दहा मिनिटं डेकवर उभं राहा कारण बोटीच्या मागे कुरव, म्हणजे सीगल, येतात. थंडीत जे सगळ्यात जास्त दिसतात ते तपकिरी डोक्याचे कुरव, पण गंमत अशी की हिवाळ्यात त्यांचं डोकं तपकिरी नसतंच, पांढरं असतं आणि डोळ्यामागे फक्त एक काळसर डाग, जसं काजळ पुसलं गेलंय. मार्च उजाडला की एकेकाचं डोकं चॉकलेटी व्हायला लागतं आणि पूर्ण झालं की ते निघतात, लडाख-तिबेटच्या तलावांकडे, अंडी घालायला. त्यांना शेव-वेफर्स टाकू नका. लोक हौसेने टाकतात पण एवढा प्रवास करायला त्यांना मासे लागतात, तेलकट मीठ नाही.

वेसवीहून वेळास सगळं मिळून आठ-दहा किलोमीटर आणि मधे बाणकोट किल्ला. दुपारचं ऊन आहे म्हणून खाडीच्या कडेने सावली धरून सावकाश जा, जेवण वाटेत उरका, आणि किल्ल्यावर साडेतीन-चारला पोचा. कान्होजी आंग्र्यांच्या काळात हा हिम्मतगड, मग १७५६ मधे इंग्रजांकडे आला आणि फोर्ट व्हिक्टोरिया झाला. छोटा आहे, जांभ्याचा, बघायला अर्धा तास. पण तटावर उभं राहिलात की सकाळी जिथून चाललात तो अख्खा कडा नदीच्या पलीकडे समोर दिसतो, आणि आता भरती येऊन गेलेली असते, सकाळी ज्या खडकावर बसून बगळा बघितला तो खडकच नाही, लाटा थेट भिंतीवर फुटतायत. ज्यांना पाण्याची वेळ पाळायचा कंटाळा येतो त्यांना मी आधी इथे आणतो.

मग वेळास. इथे वेगळा नियम. खडकावर ओहोटी हवी, वाळूवर पक्षी बघायला भरती हवी. पाणी उतरलेलं असताना कुरव, सुरय (टर्न), चिलखे (पाणकडेला वाळूत-चिखलात टोचणारे छोटे पक्षी) सगळे मैलभर पांगलेले असतात, पाणी चढलं की उरलेल्या वाळूच्या पट्ट्यावर एकत्र येऊन बसतात, सगळे वाऱ्याकडे तोंड करून. भरतीनंतरचे एक-दोन तास उत्तम, आणि तृतीया-चतुर्थीचा दिवस धरला असेल तर तुम्ही साधारण त्या सुमारास पोचता. थव्याच्या दिशेने सरळ चालत जाऊ नका. तिरके जा, थांबत जा, आणि पक्षी बसलेले उभे राहून माना वर करायला लागले की तिथेच थांबा, त्याच्या पुढचं पाऊल म्हणजे सगळे उडणार. उडालेला थवा फोटोत छान दिसतो पण विश्रांतीची वेळ त्याची गेली.

थव्यात नुसते पांढरे पक्षी दिसतात म्हणून सोडून देऊ नका, चोची बघा. गाजरासारखी जाड लाल चोच आणि कुरवाएवढं अंग असेल तर कॅस्पियन टर्न, आपला सगळ्यात मोठा सुरय. सडपातळ नारिंगी चोच असेल तर लेसर क्रेस्टेड, पिवळट हिरवट असेल तर ग्रेटर क्रेस्टेड, दोघांच्याही डोक्यामागे काळी शेंडी. काळी आखूड जाड चोच असेल तर गल बिल्ड टर्न. आणि पाण्याच्या अगदी कडेला लाट मागे गेली की तिच्या मागे पळणारे आणि लाट आली की तिच्या पुढे पळणारे छोटे पांढुरके पक्षी, चावी दिलेल्या खेळण्यासारखे, ते सँडरलिंग, थेट आर्क्टिकहून आलेले.

कधी जायचं, तर नोव्हेंबर ते मार्चची सुरुवात. पावसाळ्यात प्रदक्षिणेची वाट बंदच समजा, तिथी कुठलीही असो. पावसाळ्यात मात्र वादळी वाऱ्याने खोल समुद्रातले पक्षी किनाऱ्यावर येऊन पडतात, मास्क्ड बूबी, ब्रायडल्ड टर्न असे, आणि लोक प्रेमाने त्यांना परत समुद्रात ढकलतात. तसं करू नका, तो थकून आलेला असतो, बुडून मरेल. हवेला भोकं असलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, चोचीपासून डोळे सांभाळा, तोंडात पाणी ओतू नका, आणि वनविभागाच्या १९२६ नंबरला फोन करा.

वेळासला मुक्काम घरगुती, गावातच, आधी फोन करून ठरवा. फेब्रुवारी-मार्चमधे आलात तर सकाळी लवकर उठा कारण इथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपून ठेवतात, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन २००२ साली हे काम सुरू केलं, आणि पिल्लं निघाली की सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात. दोरीच्या मागे उभं राहायचं, फ्लॅश बंद, पिल्लाला हात लावायचा नाही, ते स्वतः चालत जातं आणि ते चालणं त्याला गरजेचं आहे. परत यायचं तर वेसवीहून शेवटची बोट किती वाजता आहे ते आदल्या दिवशी येतानाच जेट्टीवर विचारून ठेवा, आणि एसटीची वेळ वेळासच्या घरच्या काकूंना विचारा.